पाहुण्या रॅपरचा व्हर्स येतोय, अपेक्षा काय ठेवायची? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्याच्या पोस्टरवर दुसरं नाव झळकलं, की नागपुरात रॅप ऐकणाऱ्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. कोणाला तारीख हवी असते, कोणाला पाहुणा आपल्या शहराचं नाव घेईल का ते, तर कोणाला आपल्या पोराची काळजी. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळे प्रश्न इथे एका जागी घेतले आहेत. ज्या बोलीत आले, त्याच बोलीत ठेवले आहेत.

१. फीचर, गेस्ट व्हर्स, कोलॅब, रीमिक्स... सगळं एकच हाये का?

नाही. गाणं एकाचं आणि त्यातलं एक कडवं दुसऱ्याचं, असं असेल तर ते फीचर. ते कडवं म्हणजे गेस्ट व्हर्स. कोलॅबमध्ये गाणं पहिल्यापासून दोघांचं असतं, त्यामुळे तिथे पाहुणा-यजमान असा हिशेब लावता येत नाही. रीमिक्समध्ये आधीच गाजलेल्या गाण्याला नवा व्हर्स जोडतात. हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्स' २०२४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी एसॅप रॉकीला घेऊन रीमिक्सही आला. रीमिक्सच्या पाहुण्याचं काम जास्त अवघड, कारण मूळ गाणं लोकांना तोंडपाठ झालेलं असतं.

२. 'सोळा बार' म्हणजे किती वेळ?

एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे सोळा बारचे ६४ ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर हे साधारण ४३ सेकंद होतात. १४० च्या बीटवर तेच सोळा बार २७ सेकंदांत संपतात, आणि तो बीट निम्म्या चालीने मोजला तर वेळ दुप्पट होतो. पाहुण्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एवढंच येतं. "एवढी वाट पाहिली आणि पाऊण मिनिटात संपलं" ही तक्रार दर वेळी येते म्हणून हा हिशेब आधीच मांडला.

३. गाणं कधी येऊन राहिलं? तारीख सारखी पुढेच काहून जाते?

पाहुणा असला की परवानग्या वाढतात. त्याचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, वेगळं असेल तर त्यांची लेखी संमती लागते. बीटमध्ये जुन्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर त्याच्या मालकाची लागते. व्हर्स तयार असूनही गाणं अडकू शकतं. बिग शॉनचं 'कंट्रोल' हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यावरच्या केंड्रिक लमारच्या व्हर्सने अख्खं अमेरिकन रॅप हलवलं, पण सँपलची (बीटमधल्या जुन्या गाण्याच्या तुकड्याची) परवानगी न मिळाल्याने ते गाणं बिग शॉनच्या अल्बममध्ये आलंच नाही.

तारीख पुढे गेली म्हणून यजमानाच्या कमेंटमध्ये शिव्या घालू नका. बहुतेक वेळा त्याच्या हातात काही नसतं.

४. चांगल्या पाहुण्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

माझी अपेक्षा एकच असते: पाहुण्याने यजमानाचं गाणं ऐकलेलं असावं, आणि ते त्याच्या व्हर्समधून कळावं. बाकी सगळं त्यानंतर. समजा, नागपूरच्या रॅपरचा व्हर्स असा संपतो:

ऊन तापे मे महिन्याचं, उभं राहे डोक्यावर
शब्द माहा हालत नाही, बसते बरोबर ठोक्यावर

'डोक्यावर' आणि 'ठोक्यावर' हे यमक कानात बसलेलं आहे. आता पाहुणा आत येतो आणि त्याची पहिली ओळ 'मोक्यावर' या शब्दावर टेकते. झालं! एका शब्दात कळलं की हा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून आला आहे, यजमानाने सोडलेला धागा त्याने उचलला. पुढच्या बारमध्ये तो यमक बदलो, चाल बदलो, त्याची मर्जी. पण दोन व्हर्समधली भिंत पडलेली असते. ज्या शहरात रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं सभागृह उभं आहे, तिथल्या कानाला काफिया, म्हणजे गझलेतलं यमक, कसा पुढे नेतात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट विषयाची. गाणं कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेवर असेल आणि पाहुणा येऊन स्वतःच्या गाड्या मोजत बसला, तर त्याचे बार कितीही घट्ट असोत, तो गाण्याच्या बाहेरच उभा राहिला. उलट त्याने स्वतःच्या गावच्या धुराबद्दल चार ओळी लिहिल्या, कोराडीचं नावही घेतलं नाही, तरी तो आत आला.

तिसरी गोष्ट बीटची. पाहुणा येताना प्रोड्युसर काय करतो ते ऐका. कधी एक बार सगळं थांबतं, कधी हाय-हॅट काढून फक्त बेस ठेवतात. यूजीके या रॅप जोडीच्या २००७ च्या 'इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम'मध्ये आंद्रे ३००० च्या व्हर्सखाली ड्रमच नाहीत. नुसत्या गाण्याच्या तुकड्यावर तो बोलल्यासारखा रॅप करतो, आणि तो संपल्यावर ड्रम पडतात. पाहुण्यासाठी जागा अशी करतात.

५. 'पाहुण्याने यजमानाला खाल्लं' म्हणतात. हे चांगलं की वाईट?

गाण्यासाठी चांगलं, यजमानासाठी त्या दिवशी जड. जे-झीच्या २००१ च्या 'रेनेगेड'वर एमिनेम पाहुणा होता, बीटही त्यानेच केला होता. त्याच वर्षी रॅपर नासने जे-झीवर डिस केला, म्हणजे त्याला टोमणे मारणारं गाणं काढलं, तेव्हा हेच तोंडावर फेकलं: तुझ्याच गाण्यावर तुला एमिनेमने मारलं. आज दोन दशकांनंतरही तो वाद संपलेला नाही. २०१० मध्ये कान्ये वेस्टच्या 'मॉन्स्टर'वर जे-झी, रिक रॉस असे मोठे लोक होते, आणि लोकांच्या लक्षात राहिली निकी मिनाज, जिचा पहिला अल्बमही तेव्हा आलेला नव्हता.

माझं मत असं की दोन्ही यजमानांनी ते व्हर्स ठेवले, यातच त्यांचा मोठेपणा आहे. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात एका शाहिराने कोडं घालायचं आणि समोरच्याने गाण्यातच उत्तर द्यायचं, ही रीत जुनी आहे. समोरचा तगडा असेल तरच रात्र रंगते. कमकुवत पाहुणा बोलावून स्वतः उठून दिसणं सोपं आहे, पण तसं गाणं महिनाभरही टिकत नाही.

६. गाणं आपल्या नागपूरच्या पोराचं, पाहुणा मुंबई-दिल्लीचा. आपला पोरगा झाकला जाईन का?

ही भीती समजते. गाणं आल्यावर बरेच जण थेट पाहुण्याच्या व्हर्सवर उडी मारतात, तीच क्लिप कापून स्टेटसला लावतात, आणि यजमानाचे सोळा बार कोणी ऐकतच नाही. हे थांबवणं आपल्या हातात आहे. क्लिप टाकायचीच असेल तर यजमानाच्या शेवटच्या दोन ओळींपासून टाका. जोड कशी बसली तेही ऐकू येईल.

इतिहास मात्र उलटाही चालतो. १९९१ मध्ये मेन सोर्सच्या 'लाइव्ह अ‍ॅट द बार्बेक्यू'वर नास नावाचा कोवळा पोरगा पाहुणा म्हणून आला. तीन वर्षांनी त्याने 'इल्मॅटिक' हा अल्बम काढला. त्याच काळात अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या 'सिनॅरिओ'चा शेवटचा व्हर्स बस्टा राइम्सने केला आणि तिथून त्याचं नाव सुटं झालं. म्हणजे लहान नाव पाहुणं आणि मोठं नाव यजमान, असंही होतं. नागपूरच्या रॅपर्सनी ही वाट जास्त धरावी असं मला मनापासून वाटतं. मोठ्याला आपल्या गाण्यावर आणायला पैसा लागतो, मोठ्याच्या गाण्यावर जायला सोळा जबरदस्त बार.

आणि हाच नास पुढे २०१९ मध्ये 'गल्ली बॉय'चा कार्यकारी निर्माता झाला, 'एनवाय से मुंबई'वर मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपर्ससोबत रॅपही केला. त्याच्या चार वर्षं आधी ते दोघे 'मेरे गली में'वर फक्त एकमेकांच्या भरवशावर होते. आधी आपसात फीचर केले, मग बाहेरचा आला. इंदोऱ्याच्या पोराने महालातल्या पोराला गाण्यावर घ्यावं, महालातल्याने कामठीच्या. आपल्याकडे एवढी सुरुवात तरी जोरात व्हायला हवी.

७. पाहुणा नागपूरचं नाव घेईन का?

घेईल, बहुतेक घेईलच. पण नुसतं नाव घेणं हे सगळ्यात स्वस्त काम. संत्री, झिरो माईल, तर्री पोहे, सावजी ही चार नावं इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतात. ती ऐकून आपण उड्या मारतो आणि पाहुण्याला वाटतं, झालं काम.

मला आवडेल ते वेगळं. मारबतीच्या मिरवणुकीत लोक वर्षभराची पीडा नावं घेऊन गावाबाहेर घालवतात, बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर, त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो. त्यात रॅपरला सापडण्यासारखं किती आहे! दीक्षाभूमीवर १९५६ साली जे घडलं, त्याची गाणी ऐकत इथल्या कितीतरी वस्त्यांमधली पोरं वाढली, आणि आज रॅप करणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानात पहिला ठेका भीमगीतांचाच आहे. पाहुण्याला यातलं काही कळलं असेल आणि त्याने त्यावर एकच ओळ लिहिली, तर ती दहा वेळा 'नागपूर, नागपूर' ओरडण्यापेक्षा भारी. कळलं नसेल तर नाव न घेतलेलंच बरं.

८. आपलं गाणं मराठीत, पाहुणा हिंदीत. कसं जमन?

जमतं. नागपूरचं रोजचं बोलणंच दोन्हींत चालतं. सीताबर्डीत भाव करताना आपण एका वाक्यात दोनदा भाषा बदलतो. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. पाहुणा हिंदीवाला म्हणून यजमानच आपला व्हर्स हिंदीत लिहून टाकतो. असं करू नये, हे माझं ठाम मत. 'मले', 'तुले', 'काहून', 'करून राहिला' यांचे ठोके वेगळे पडतात. 'करून राहिला बे' बीटवर जसं लोळतं, तसं 'कर रहा है' लोळत नाही. तो ठेका हीच आपली कमाई आहे.

बाहेरच्यांना कळणार नाही ही भीतीही सोडा. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' मराठी न येणाऱ्यांनीही डोक्यावर घेतलं. हूक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, समजला की बाकीचं लोक विचारून घेतात.

९. पाहुणा फास्ट रॅप करन ना?

करायलाच पाहिजे असं नाही. एमिनेमच्या 'रॅप गॉड'मध्ये ६ मिनिटं ४ सेकंदांत १,५६० शब्द आहेत आणि त्यासाठी गिनीजने नोंद केली, हे खरं. पण तिथेही लक्षात राहतं ते प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येणं. फुटाळा तलावावर फोनच्या स्पीकरवर बीट लावून पोरं आळीपाळीने रॅप करत होती, तेव्हा एक जण अर्ध्या वेगाने आला. त्याने दोन ओळींमध्ये पूर्ण एक ठोका मोकळा सोडला आणि मगच पुढचा शब्द टाकला. भेळवाल्याचाही हात थांबला. मोकळा ठोका सोडायला छाती लागते. येणाऱ्या व्हर्समध्ये तो शोधा.

१०. डिस येईन का? कोणाचं नाव घेईन का?

गेस्ट व्हर्समधून भांडणं पेटतात, म्हणून ही आशा प्रत्येक वेळी असते. 'कंट्रोल'वर केंड्रिकने अकरा रॅपर्सची नावं घेतली. त्यात गाण्याचा यजमान बिग शॉन आणि दुसरा पाहुणा जे इलेक्ट्रॉनिका हेही होते! मार्च २०२४ मध्ये फ्यूचर आणि मेट्रो बूमिनच्या 'लाइक दॅट'वर केंड्रिकच पाहुणा म्हणून आला, ड्रेक आणि जे. कोलला टोला लगावला, आणि पुढच्या दोन महिन्यांत सगळं जग ते भांडण बघत होतं. त्यातून आलेल्या 'नॉट लाइक अस'ला २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले.

पण दोन्ही वेळा आव्हान कसबाचं होतं आणि ते देणारा आधीच कसलेला होता. आपल्याकडे डिसच्या नावाखाली समोरच्याच्या आईबहिणीवर आणि जातीवर जाणारे बार येतात. त्यांना टाळ्या देऊ नका. एवढी एक गोष्ट ऐकणाऱ्यांनी पाळली तर लिहिणारे सुधारतील.

११. पैसे देऊन घेतलेला व्हर्स खरा असते का?

असतो. रॅपरचं ते काम आहे, कामाचे पैसे घेतलेच पाहिजेत. प्रश्न पैशाचा नसून मेहनतीचा आहे. मेलवर बीट आला, जुन्या वहीतले सोळा बार त्यावर बोलून पाठवले, असंही होतं. ओळखायचं कसं? पाहुण्याचा व्हर्स एकटा ऐका आणि स्वतःला विचारा, हा दुसऱ्या कुठल्याही गाण्यावर चालला असता का? चालला असता, तर तो या गाण्यासाठी लिहिलेला नाही. बाकीच्या खुणा प्रश्न ४ मध्ये आहेत.

१२. स्निपेट लीक झाला. ऐकू का? आणि तो खरा आवाज हाये का हे कसं कळन?

स्निपेट, म्हणजे गाण्याचा छोटा तुकडा, ऐकला तर पुढे पाठवू नका. लीक बहुतेक वेळा कच्च्या मिक्सचा असतो, आणि लोक त्यावरूनच निकाल लावून मोकळे होतात.

आवाजाचा प्रश्न आता खरोखर गंभीर झाला आहे. एप्रिल २०२३ मध्ये 'हार्ट ऑन माय स्लीव्ह' नावाचं गाणं ड्रेक आणि द वीकेंडच्या आवाजात फिरलं. दोघांनीही ते गायलं नव्हतं, आवाज एआयने केले होते, आणि काही दिवसांत ते काढावं लागलं. वर्षभराने खुद्द ड्रेकने एका डिसमध्ये तुपाकचा आवाज एआयने बनवून वापरला. १९९६ मध्ये गेलेल्या तुपाकच्या वारसांनी कायदेशीर इशारा दिल्यावर तेही काढलं गेलं. म्हणून यजमानाच्या किंवा पाहुण्याच्या स्वतःच्या खात्यावर येईपर्यंत कुठलाही व्हर्स खरा धरू नका. श्वास ऐकू येतो का हे तपासा, असं काही जण सांगतात. तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, आता श्वासही बनवता येतो.

१३. रॅपर हयात नसन आणि त्याचा व्हर्स येत असन तर?

इथे अपेक्षा बदलतात. सिद्धू मूसेवालाचा मे २०२२ मध्ये खून झाला. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये बर्ना बॉयसोबतचं 'मेरा ना' आलं. अशा वेळी गेलेला माणूस सोबत्याच्या ओळीला उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे प्रश्न ४ ची कसोटी उलटी लावा: जिवंत असलेल्याने त्याच्या आवाजाभोवती जागा कशी केली? आणि घरच्यांची संमती आहे का, हे आधी बघा. संमती नसेल तर मी असं गाणं ऐकत नाही.

१४. पोस्टरवर नाव मोठं होतं, गाण्यात पाहुण्याने फक्त हूक म्हटला. फसवणूक झाली ना?

हूक हेही फीचरच आहे, फक्त व्हर्स नाही. 'व्हर्स' असं जाहीर केलं होतं का ते पोस्टवर परत बघा. केलं असेल तर राग रास्त आहे. मागे नुसते 'हां', 'ये' असे ॲडलिब आणि पोस्टरवर नाव ठळक, हे मात्र मलाही पटत नाही.

१५. व्हर्स आला आणि काहीच वाटलं नाही. माझंच काही चुकून राहिलं का?

नाही. पहिल्यांदा ऐकताना आपण आपल्या मनातला व्हर्स शोधत असतो. दोन दिवस थांबा, मग पूर्ण गाणं पहिल्या सेकंदापासून ऐका. फोनच्या स्पीकरवर नको, बेस तिथे ऐकूच येत नाही. तरीही नाही आवडला, तर तसं लिहा. का नाही आवडला हे ओळीसकट लिहिलं, तर लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

१६. मी खुद्द रॅप करतो. मोठ्या रॅपरला फीचरसाठी विचारू कसं?

"भाऊ, एक फीचर द्या ना" असा मेसेज पाठवू नका, तो कोणी वाचत नाही. गाणं तुमच्या व्हर्स आणि हूकसकट पूर्ण करा आणि सोळा बारची मोकळी जागा ठेवून पाठवा. सोबत बीटची गती, विषय दोन ओळींत, आणि तुमचे शब्द लिहून द्या. वऱ्हाडी शब्द असतील तर त्यांचा अर्थही द्या. पाहुण्याला यमक पकडायचं असेल तर त्याला शब्द कळले पाहिजेत.

पैशाचं आधीच आणि लेखी ठरवा: एकरकमी, की उत्पन्नात वाटा, की दोन्ही. पाहुण्याने स्वतःचे बार लिहिले असतील तर गीतकार म्हणून त्याचं नाव जातं, तुमच्या बारसाठी तुमचं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आपल्याकडे आयपीआरएस गोळा करते, तर तिथे सभासद होऊन गाण्याची नोंद करा आणि टक्केवारी दोघांची सारखीच लिहिली आहे ना ते बघा. इथेच घोळ होतात. व्हिडिओत पाहुणा येणार का, किती पोस्ट करणार, गाणं त्याच्या चॅनलवर जाणार की तुमच्या, हेही त्याच कागदावर घ्या.

त्याचा व्हर्स ऐकल्यावर तुमचा स्वतःचा परत लिहावासा वाटेल. लिहा, पण त्याला कळवून, आणि त्यालाही बदल करायची तेवढीच मुभा द्या.